खाणीवरचा पाऊस जातो कुठे?

जुलैमध्ये गोव्यातल्या डिचोली किंवा सांगे तालुक्यातून जाताना रस्त्याकडेचा ओहोळ तांबडाभडक दिसतो आणि गाडीतले कुणी ना कुणी म्हणतेच, "हे खाणीचे पाणी." त्यावर दुसरा हमखास विचारतो, "पावसाळ्यात सगळ्याच नद्या गढूळ होतात. मग खाणीच्याच पाण्याला एवढी नावे का ठेवायची?"

प्रश्न रास्त आहे. कोकणातली आणि गोव्यातली जमीन मुळातच जांभ्याची, लोहाने तांबडी. तिच्यावरून वाहणारे पाणी थोडेफार रंगणारच. म्हणून नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. पाणी किती, त्यात माती किती, मातीचे कण केवढे आणि ते किती वेळ तरंगत राहतात, हे पाहावे लागते. या प्रकरणात तेवढेच पाहायचे आहे, आणि बहुतांशी गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात, कारण एवढा पाऊस आणि एवढ्या उघड्या खाणी शेजारी शेजारी नांदलेल्या जागा फार नाहीत.

१. रानातला गढूळपणा आणि खाणीतला गढूळपणा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. रानात हा पाऊस आधी पानांवर आदळतो, मग पालापाचोळ्यावर टपकतो आणि मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत बराचसा मुरतो. जोराच्या सरीत रानातला ओहोळही गढूळ होतो. पण सर ओसरली की काही तासांत तो निवळू लागतो.

उघड्या खाणीवर यातले काहीच उरलेले नसते. झाडे गेली, वरची माती गेली. उरते ती फोडलेली, सैल झालेली, उतारावर ओतलेली माती. थेंब सरळ तिच्यावर आदळतो, तिचा वेगळा झालेला कण उडवतो आणि वाहते पाणी त्याला उचलून नेते. जड यंत्रांच्या चाकांनी जमीन दाबली गेलेली असल्याने पाणी मुरतही कमी.

गोव्यात याला आणखी एक जोड मिळाली. इथे एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच-तीन टन टाकाऊ माती-दगड आधी हलवावा लागतो. हा ढिगारा म्हणजे डंप. पोर्तुगीज काळात दिलेले खाणपट्टे प्रत्येकी १०० हेक्टरपर्यंतचेच. त्यांचेच पुढे १९८७च्या कायद्याने लीजमध्ये रूपांतर झाले. एवढ्याशा जागेत खड्डाही हवा, रस्ताही हवा आणि डंपही हवा. परिणामी डंप उंच गेले, उभ्या उताराचे झाले आणि ओहोळांच्या, शेतांच्या अगदी डोक्यावर येऊन बसले. जागेची ही टंचाई ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

२. हिशेब पाण्याचा

पावसाचा हिशेब वाटतो त्याहून सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते होते एक लिटर पाणी. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पडला, तर दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. गोव्यात दिवसाला १०० मिलिमीटर ही काही बातमीची गोष्ट नव्हे.

आता ४० हेक्टरची एक खाण कल्पू. तिथे दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ७० टक्के वाहून निघाला, तर २ कोटी ८० लाख लिटर पाणी खाणीबाहेर पडते. त्या प्रत्येक लिटरात ५ ग्रॅम माती असेल, तर एका दिवसात १४० टन माती गेली. दहा टनांचे चौदा टिप्पर भरून ओढ्यात रिकामे केल्यासारखे. सांडपाण्यासाठी आपल्याकडे नदीनाल्यात सोडण्याची जी सर्वसाधारण मर्यादा आहे, ती तरंगत्या घनकणांसाठी लिटरला १०० मिलिग्रॅम. ती तंतोतंत पाळली, तर त्याच दिवशी त्याच पाण्यातून २.८ टन माती जाईल. १४० आणि २.८ यांमधली तफावत म्हणजेच खाणीवरचे जलव्यवस्थापन.

ही माती जाते कुठे? आधी भाताच्या शेतात. चिखलाचा थर बसला की रोपे गुदमरतात आणि वाळल्यावर तो थर घट्ट होतो. मग पाटांत, कुळागरांत म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, पुढे नदीत. खाडीकाठच्या सखल खाजन जमिनी खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी गोव्यातल्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारे, सांभाळली. त्यांच्यामागे गाळ साचला की पाण्याची ये-जाच बिघडते. शिवाय पिण्याचे पाणी आहेच. फोंडा आणि पणजीकडे जाणारे पाणी ओपा येथे खांडेपार नदीतून उचलले जाते. दक्षिण गोव्याचा मोठा भाग सांग्याजवळच्या साळावली धरणावर अवलंबून आहे. पाणी जितके गढूळ, तितकी तिथे तुरटी जास्त आणि तितके गाळणीचे थर लवकर तुंबणार.

३. तळे खणले की झाले, असे का नाही

गढूळ पाण्यावरचा सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे निवळण-तळे. पाणी थांबवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे स्वच्छ पाणी सोडायचे. प्रत्येक खाणीच्या नकाशावर अशी तळी निळ्या रंगात काढलेली असतात. ती पुरतात का, हे मात्र मातीच्या कणावर ठरते.

स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो. ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तेवढ्याच अंतराला सुमारे तीन तास घेतो. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? जवळजवळ तेरा दिवस. कण दहापट लहान झाला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो, हा यातला कळीचा नियम.

आता तळ्याचे माप काढू. दहा हेक्टरच्या डंपवर तासाला ५० मिलिमीटरची जोरदार सर आली आणि ७० टक्के पाणी वाहिले, तर तासाला ३५०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास एक घनमीटर पाणी तळ्यात शिरते. त्यातला ०.०१ मिलिमीटरचा कण खाली बसायला हवा असेल, तर तळ्याचा पृष्ठभाग साधारण १.१ हेक्टर लागतो. चिकणमातीचा कण बसवायचा म्हटले तर ११० हेक्टर. दहा हेक्टरच्या डंपसाठी ११० हेक्टरचे तळे!

कुणी म्हणेल, तळे खोल करा. इथे बहुतेकांची गफलत होते. खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट वेळ थांबते खरे, पण कणालाही तळापर्यंत दुप्पट अंतर जावे लागते. हिशेब जिथल्या तिथे. कण बसणे अवलंबून असते ते तळ्याच्या पसरटपणावर. खोलीचा उपयोग एवढाच की बसलेला गाळ साठायला जागा होते आणि तो पुन्हा ढवळला जात नाही. म्हणून 'आमच्याकडे पंधरा मीटर खोल तळे आहे' हे वाक्य ऐकून भारावून जाऊ नये. क्षेत्रफळ विचारावे, आणि शेवटचा गाळ कधी काढला तेही विचारावे. गाळाने अर्धे भरलेले तळे पहिल्या मोठ्या सरीला जमवलेलेही परत देते.

तळ्याची कामगिरी वाढवायचे मार्ग आहेत. आत आडवे बांध घातले, की पाणी तोंडापासून सांडव्यापर्यंत सरळ धावत न जाता वळणे घेत जाते. एका तळ्याऐवजी तीन तळ्यांची माळ केली, तर जड कण पहिल्यातच अडतो आणि गाळ काढणे सोपे होते. चिकणमातीसाठी तुरटी किंवा तत्सम रसायने वापरतात. हे सूक्ष्म कण एकाच प्रकारचा विद्युतभार घेऊन एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणूनच ते बसत नाहीत. तुरटी हा भार मोडते, कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली जातात. मात्र तुरटीने पाणी आम्लतेकडे झुकते. मात्रा न मोजता पोतीच्या पोती ओतणे म्हणजे एक दोष घालवून दुसरा आणणे.

एवढे करूनही जागेची टंचाई राहतेच. उभ्या डोंगरावरच्या, शंभर हेक्टरांच्या आतल्या पट्ट्यात हेक्टरभराहून जास्त सपाट जागा तळ्याला देणे कुणालाच परवडत नाही. तेव्हा प्रश्न वरच्या अंगाला सोडवायला हवा. चिखल झाल्यावर तो निवळण्यापेक्षा चिखल होऊच न देणे स्वस्त पडते. माझ्या मते खाणीच्या आराखड्यात पहिली ओळ तळ्याची असेल, तर तो आराखडा उलटा लिहिलेला आहे.

४. बाहेरचे पाणी बाहेर

डोंगरउतारावरच्या घराच्या मागच्या बाजूला कोकणात पावसाआधी चर खणतात, म्हणजे वरून येणारे पाणी भिंतीवर न येता कडेने निघून जाते. खाणीभोवतीचा चर नेमका हेच करतो. खाणीतली माणसे त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. खाणीच्या वरच्या रानातून येणारे पाणी स्वच्छ असते. ते खड्ड्यात किंवा डंपवर शिरले की गढूळ होते, आणि मग त्याला निवळायची जबाबदारीही अंगावर येते. ते आत येऊच दिले नाही, तर तळ्याला निम्म्याने कमी पाणी हाताळावे लागू शकते.

पर्यावरण परवानगीच्या पत्रांत या चरांबद्दल एक ठरलेली अट असते. गेल्या पन्नास वर्षांतल्या पावसाच्या नोंदी पाहून अचानक येणाऱ्या सर्वात मोठ्या पावसाचा अंदाज घ्यावा, त्यावर आणखी ५० टक्के सुरक्षित वाढ धरून चर आणि खड्ड्यातल्या साठवणीची मापे ठरवावीत आणि चरांच्या कोपऱ्यांवर गाळ अडवणारे खड्डे करून ते वेळोवेळी साफ करावेत. अट चांगली आहे. अडचण येते ती 'वेळोवेळी' या शब्दापाशी. मेअखेरीस साफ केलेला चर जुलैच्या मध्यावर पुन्हा भरलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याची खरी गरज असते.

५. डंपचा उतार, डंपची पायरी, डंपची जखम

खाणीतली सर्वात जास्त माती सहसा डंपवरून आणि रस्त्यांवरून जाते. खड्ड्यातले पाणी खड्ड्यातच राहते, त्याला पंपाशिवाय बाहेरची वाट नसते. डंपला मात्र चारी बाजूंनी उतार.

लांब सलग उतारावर पाण्याचा वेग वाढत जातो. आधी बोटभर रुंदीच्या रेघा उमटतात, त्या एकत्र येऊन घळी होतात, आणि एकदा घळ पडली की प्रत्येक पाऊस ती खोल करतो. हे थांबवायला उतार मध्येच तोडतात, म्हणजे दर काही मीटरांवर आडव्या पायऱ्या काढतात. या पायरीचा कल बाहेर नको, आत डोंगराकडे हवा. तिथून पाणी पायरीच्या आतल्या कडेने वाहत दगडी उतरणीने खाली आणायचे. बाहेर कललेली पायरी म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक नवा धबधबा. नकाशावर दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. फरक पहिल्या पावसात कळतो.

डंपच्या पायथ्याशी जांभ्या दगडाची भिंत घालतात. ती पाणी अडवण्यासाठी नसते. घसरणारी माती धरून ठेवायची आणि पाणी झिरपू द्यायचे, एवढेच तिचे काम. त्यामुळे तिच्यात पाणी निघायला वाटा ठेवाव्या लागतात. त्या बुजल्या तर मागे पाण्याचा दाब साठतो आणि भिंतच ढकलली जाते.

मग झाडोरा. डंपवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावलेल्या गोव्यात सर्रास दिसतात. त्या पटकन वाढतात, निकृष्ट जमिनीत तग धरतात आणि छायाचित्रात हिरव्या दिसतात. पण माती धरून ठेवायला आधी जमिनीलगतचे आच्छादन लागते. गवत, वेली, वाळा. झाड वीस फूट वर असेल आणि खाली जमीन उघडी असेल, तर पानांवरून ओघळलेले मोठे थेंब खालच्या मातीवर आदळतच राहतात. नव्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून तिच्यात गवताचे बी टाकणे, हा उपाय त्यापेक्षा साधा आणि जास्त उपयोगी. जाळी एकदोन पावसाळे टिकते आणि तेवढ्यात गवत मूळ धरते. मात्र ही पेरणी पावसाआधीच व्हायला हवी. जुलैत पेरलेले बी जाळीसकट ओढ्यात जाते.

रस्त्यांकडे फारसे कुणी बघत नाही. उन्हाळाभर टिप्परच्या चाकांखाली खनिजाची बारीक पूड होते. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ती सगळी एकदम वाहते. म्हणून पहिल्या दोन-चार सरींचे पाणी सर्वात घाण असते. रस्त्याची खरवड मेमध्येच काढून घेणे, कडेला गटार ठेवणे आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे, ही किरकोळ वाटणारी कामे बरीच माती वाचवतात.

६. खड्ड्यातले पाणी

गोव्यात खाणकाम पावसाळ्यात थंडावते आणि खड्डे तळी बनतात. त्यात पाऊस असतो आणि जमिनीतले पाणीही, कारण खड्डे भूजलपातळीच्या खाली गेलेले असतात. पावसानंतर काम सुरू करायचे तर पाणी उपसावे लागते. उपसा जितका जास्त, तितकी आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाण्याची शक्यता. म्हणून डिचोली-सत्तरीतल्या गावांतून एकाच खाणीबद्दल दोन उलट तक्रारी ऐकू येतात. जुलैत शेतात चिखल, एप्रिलमध्ये विहीर कोरडी. दोन्ही खऱ्या असू शकतात.

उपशाची पद्धतही महत्त्वाची. पंपाचे तोंड तळाशी टाकले तर आधी गाळच वर येतो. तराफ्यावर पंप ठेवून वरचे निवळलेले पाणी सावकाश काढले, तर हाच खड्डा परिसरातले सर्वात मोठे निवळण-तळे ठरतो.

खड्डा काठोकाठ भरू देणे मात्र धोक्याचे. २०२१च्या जुलैत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे येथील खाणीचा बांध फुटला आणि साठलेले पाणी गाळासकट खालच्या वस्तीत, शेतीबागायतीत शिरले. मातीचा बांध सहसा वरून पाणी सांडू लागले किंवा आतून झिरपून पोखरला गेला की फुटतो. पहिल्यावर उपाय दगडी सांडवा आणि पाण्याच्या पातळीवरून बांधाच्या माथ्यापर्यंत राखलेली मोकळी उंची. दुसऱ्यावर उपाय एकच, पावसाळ्यात रोज बांधाच्या पायथ्याशी फिरून बघणे. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचे. ते गढूळ झाले, म्हणजे बांधाची माती बाहेर येऊ लागली. तेव्हा खालची वस्ती हलवायची.

७. माती नसलेले प्रदूषण

काही खाणींचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि तरीही त्यात मासा जगत नाही. दगडात लोह आणि गंधक यांचे पायराइट हे खनिज असेल, तर हवा आणि पाणी मिळताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते. आम्लयुक्त पाणी पुढे दगडातले धातूही विरघळवते. मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या गंधकयुक्त कोळशाच्या खाणींखालच्या नद्यांचे हेच झाले. तिथली लुखा नदी हिवाळ्यात निळी दिसू लागली आणि मासे मेले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४मध्ये तिथल्या उंदीरबिळांसारख्या कोळसा खाणींवर बंदी घातली.

गोव्याचे खनिज प्राणवायूशी आधीच संयोग पावलेले, हेमॅटाइट-लिमोनाइटचे. त्यामुळे आम्लाचा धोका इथे कमी आणि चिखलाचा मोठा. आम्लावर उपाय चुन्याचा, चिखलावर उपाय उताराचा. एका खाणीचा आराखडा दुसरीला चिकटवता येत नाही. वर्कशॉपमधले तेल-ग्रीस हा आणखी एक घटक. गाड्या धुण्याच्या जागेचे पाणी तेल वेगळे करणाऱ्या हौदातून नेले की तो बव्हंशी मिटतो.

८. तुम्ही काय पाहू शकता

खाण तुमच्या गावाजवळ असेल, तर पारदर्शक बाटल्या घ्या. पाऊस पडत असताना एक नमुना खाणीच्या वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला, त्याच ओहोळातून, एका तासाच्या आत घ्या. बाटलीवर वेळ आणि जागा लिहा. न हलवता ठेवा आणि एका तासाने, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढा. खालची बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळ आणि वरची निवळलेली दिसली, तर खाणीतून बारीक चिकणमाती येत असण्याची शक्यता मोठी. हा प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाला नमुना घ्यायला कुठे आणि केव्हा बोलवायचे, हे त्यावरून सांगता येते.

दुसरे काम कागदाचे. पर्यावरण परवानगी मिळालेल्या खाणीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला. हे अहवाल सार्वजनिक असतात. त्यात पाण्याच्या चाचण्यांचे तक्ते असतात आणि बहुतेक आकडे मर्यादेत असतात. आकड्यांआधी नमुन्याची तारीख वाचा. त्या दिवशी पाऊस किती होता, ते हवामान खात्याच्या नोंदीशी ताडून पाहा. नमुना कुठून घेतला तेही पाहा. नदीच्या भर पात्रातला नमुना आणि डंपखालच्या चराच्या तोंडाशी घेतलेला नमुना यांत पातळपणाचा मोठा फरक असतो. उघडीप असताना नदीच्या मध्यातून घेतलेल्या बाटलीवरून खाणीच्या जलव्यवस्थापनाबद्दल काहीही कळत नाही. पुढच्या जनसुनावणीत तुम्हाला बोलायची संधी मिळाली, तर एकच गोष्ट लेखी मागा. जून ते सप्टेंबर, दर महिन्याला, चालू पावसात, चराच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याचे आकडे.